जपानच्या बाया आणि आमची रमा

जालना, १२ जानेवारी २०२५

चि. मधुवंतीस,

तुला आणि तुझ्या नवऱ्याला आशीर्वाद. तिकडे नागोयात बर्फ पडून राह्यलं, असं तुझ्या काकूकडून कळलं. इकडे जालन्यात थंडी नावालाच आहे. नेहमीप्रमाणे कागदावर लिहितो आहे, शेजारचा साहेबराव फोटो काढून तुला पाठवील. मोबाइलवर दोन बोटांनी टाइप करायला लागलो की माझं सगळं म्हणणं 'बरं' आणि 'ठीक' यात आटपतं. आणि फोनवर बोलायचं तर कानांनी कधीच हात टेकले. मशीन लावून पाहिलं, पंख्याचा आवाज विमानाएवढा येतो आणि माणसाचा येत न्हाई. शीरच गेली आहे म्हणतात, तेव्हा तो विषय संपला.

आता कामाचं. आमच्या निवृत्तांच्या मंडळात मला भाषण द्यायचं आहे. विषय मीच घेतला आहे, चार देशांतल्या बायांचा श्रमशक्ती सहभाग दर, गेल्या पन्नास वर्षांत. भारत, बांगलादेश, तुर्कस्तान आणि तुझं जपान. मंडळातल्या लोकांना दर म्हटलं की व्याजाचा वाटतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तर शंभरातले किती जण काम करतात किंवा शोधतात हे समजावण्यात जाणार. आपल्याकडे सतरा-अठरा साली हा आकडा बायांच्या बाबतीत तेवीसच्या आसपास होता आणि तेवीस-चोवीसला बेचाळीसजवळ गेला. लोक टाळ्या पिटून राह्यले. मी म्हणतो, सहा वर्षांत देशाच्या बाया उठून कुठे गेल्या? बऱ्याच जणी होत्या तिथेच आहेत, घरच्याच शेतात. आणि घरात चार पैसे आले की बाई घरी थांबते, यात वाईट काय आहे? हे सगळ्या देशांत झालेलं आहे.

आपल्याकडेही परवा श्रमशक्तीच्या सरकारी पाहणीवाली पोरगी आल्ती. आकांक्षा नावाची, घनसावंगीकडची, हातात टॅब. तीस वर्षं सांख्यिकी खात्यात काढलेला माणूस समोर बसलेला पाहून बिचारी गांगरली. मी तिचं काम जल्दी करून टाकलं. मी पेन्शनर, ही घरकाम, तिच्यापुढे कोड ब्याण्णव लिही म्हटलं. कोड मला तोंडपाठ आहेत. मंग रमा चहा घेऊन आली आणि दोघी बराच वेळ बोलत बसल्या. बायांच्या गप्पा, मला काय ऐकू येणार.

तर जपानचा वयोगटवार तक्ता पाठव. एक खास माहिती हवी आहे. साठीच्या आसपास आयुष्यात पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्या बाया तिथे किती असतात? फारच थोड्या असतील, असा माझा अंदाज आहे. आठवीपासून बी.एस्सी.पर्यंत याच घरात राहून टक्केवारी माझ्याकडे शिकलीस, त्याची फेड समज. आकडे पाठव, उपदेश नको.

तुझा,
भालचंद्रकाका

●

नागोया, २६ जानेवारी २०२५

ती. काका,

तुमचा कागद ऑफिसात उघडला आणि जेवणाची सुट्टी त्यातच गेली. शेजारची मला विचारत होती, कुठली लिपी आहे. मी सांगितलं, काकांची आहे, ती आमच्यातही दोघा-तिघांनाच वाचता येते.

तक्ता सोबत आहे. जपानचा आलेख काढून बघा, गंमत वाटेल. सत्तरच्या दशकात तो दोन वशिंडांच्या उंटाच्या पाठीसारखा होता. विशीत बायांचं प्रमाण चढतं, लग्न आणि बाळंतपणात खाली बसतं, मुलं शाळेत गेली की पुन्हा चढतं. दर दहा वर्षांनी तो खड्डा भरत आला आणि आता जवळजवळ सपाट झालाय. हे आपोआप झालेलं नाही. पाळणाघरं आली, रजेचे कायदे आले, आणि मुख्य म्हणजे माणसं कमी पडायला लागली. म्हातारी माणसंही थांबायला तयार नाहीत. पासष्टीच्या पुढच्या चौघांतला एक जण कामावर आहे किंवा शोधतोय. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात काउंटरला पंच्याहत्तरीची बाई असते आणि मी सुटे पैसे मोजायला वेळ लावला की मलाच रागावते.

पण काका, देशादेशांचे आकडे शेजारी ठेवताना जपा. पंधरा वर्षांच्या पुढचे सगळे धरले तर जपानच्या बाया पंचावन्नच्या आसपास दिसतात, आणि पंधरा ते चौसष्ट धरले तर थेट पंचाहत्तरच्या वर जातात. देश तोच, वर्ष तेच, नव्वदीच्या आज्या मोजल्या की नाही एवढाच फरक. शेतातही तसंच. घरी खायला पिकवणारी बाई एका व्याख्येत कामगार असते आणि दुसरीत नसते. सरसकट तुलना करता येत नाही. वय, व्याख्या आणि वर्ष एक केलं तरच करता येते.

साठीला पहिल्यांदा कामाला लागणाऱ्यांचा वेगळा तक्ता मला सापडला नाही. त्याचा तुमच्या भाषणात उपयोग काय, हेही कळलं नाही. मग रात्री भांडी घासताना डोक्यात प्रकाश पडला. काका, तुम्ही नोकरी शोधताय का? बायांचं नाव पुढे करून स्वतःची चौकशी चाललीये ना? लाजू नका. घराबाहेर पडा, ऐकू येत नाही म्हणून काय झालं, हिशोबाच्या कामाला कान कशाला लागतात? काकूंनी अडवलं तर मला सांगा, मी त्यांच्याशी बोलते. त्यांचा गेले दोन रविवार फोन नाही. बऱ्या आहेत ना?

तुमची,
मधू

●

जालना, ९ फेब्रुवारी २०२५

चि. मधूस,

तक्ता पोचला. भाषण बरं झालं. मंडळातले तिघे जण झोपले, पण ते कुठल्याही भाषणाला झोपतात. बांगलादेशचा आकडा आपल्या आकड्याला मागे टाकून गेला तेव्हा शिलाईचे कारखाने किती वाढले, हे सांगितल्यावर एक जण उठून म्हणाला, मंग जालन्यात काढा ना कारखाना. मी म्हटलं, मी निवृत्त आहे.

मी नोकरी शोधून राह्यलो हा तुझा तर्क वाचून साहेबराव लई हसला. फोटो काढताना मी तुमचं काही वाचत न्हाई असं तो म्हणतो, त्यावर माझा बिलकुल विश्वास न्हाई.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र कामाला आलं. देशादेशांची सरसकट तुलना करता येत नाही, हे. इथे घरात एकाने मला जपानच्या म्हाताऱ्या बायांचा दाखला दिला होता. मी तुझं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, मधूच म्हणते, जपानचं जपानला आणि आपलं आपल्याला. त्यावर पुढे काही बोलणं झालं न्हाई. म्हणजे मुद्दा पटला असावा.

काकू बरी आहे. जरा कमी बोलते. तिला फोन कर.

तुझा,
काका

●

जालना, २० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मधुवंती,

मी पत्र लिहिणारी बाई न्हाई हे तुला माहीत आहे. पण फोनवर हे सांगायला लागले तर रडू येईल, आणि हे समोरच बसलेले असतात. ऐकू येत न्हाई, पण तोंड बघून सगळं ओळखतात. द्वारकाबाईच्या घरात बसून लिहून राह्यले. ही साहेबरावाची बायको, तुला आठवत असेल.

तुझ्या काकांनी तुला काहीच सांगितलं न्हाई असं दिसतं. नोकरी मला लागून राह्यली. मंठ्याला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या अधीक्षक बाई मुलाकडे पुण्याला चालल्या. त्यांची बहीण माझ्या ओळखीची, तिने माझं नाव सांगितलं. मी जाऊन आले. साठ-सत्तर मुली, कोणी वाटूरची, कोणी परतूरकडची, शिकायला राहिलेल्या. त्यांच्यासोबत रात्रीही राहावं लागतं, म्हणून रोज जाऊन येऊन जमणार न्हाई. शनिवारी दुपारी यायचं आणि सोमवारी सकाळच्या बसने जायचं. होळीनंतर रुजू व्हा म्हणतात. वय एकोणसाठ आहे म्हटलं तर सेक्रेटरी म्हणाले, आम्हाला अशीच बाई पाहिजे, पोरी ऐकतात.

मधू, मला जायचं आहे. लपवून काय करू? बी.ए. होऊन लग्न झालं, मूल झालं न्हाई, तू आलीस, तू गेलीस. त्यानंतर दुपारी दोन ते पाच मी काय करते हे मला कोणी विचारलं न्हाई. ती पाहणीवाली पोरगी आली तेव्हा पहिल्यांदा विचारलं. यांनी माझं सगळं आधीच सांगून टाकलेलं होतं. मी चहा घेऊन गेले तर ती म्हणाली, काकू, तुमच्याच तोंडून ऐकते. वर्षभरात काम शोधलं का, मिळालं असतं तर केलं असतं का? मी म्हटलं, बाई, वर्षभर काय, दहा वर्षं झाली. सांगून ठेवलंय ओळखीच्या सगळ्या जणींना. उद्या मिळालं तर उद्या जाईन. तिने टॅबवर बदल केला आणि म्हणाली, मंग तुम्ही श्रमशक्तीत आलात. तो शब्द लग्न झाल्यापासून या घरात ऐकते. मला तो लागू पडतो हे माहीत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की तिला पुन्हा चहा दिला.

हे समोर बसून होते. मी यांच्यासमोरच बोलले, लपूनछपून न्हाई. पण तोंड तिच्याकडे होतं आणि ओरडून बोलले न्हाई, म्हणून यांच्यापर्यंत गेलं न्हाई.

मंठ्याचं विचारलं तेव्हापासून हे आलेख काढून राह्यले. मी जपानच्या म्हाताऱ्यांचं बोलले, तूच मला फोनवर सांगितलं होतं. तर यांनी तुझंच पत्र मला वाचून दाखवलं. मला राग तुझा आला, म्हणून याच घोळात दोन रविवार राहिलेला फोन पुढे मुद्दाम केला न्हाई. मंग वाटलं, त्या लेकराला काय माहीत.

यांनी न्हाई म्हटलेलं न्हाई. हो पण म्हणत न्हाईत. आणि त्यांना सोडून कशी जाऊ हेही कळत न्हाई. दाराची बेल, कुकरची शिट्टी, दूधवाला, गॅसवाला, सगळं माझ्या कानांनी चालतं. त्यांनी मनापासून हो म्हटलं तरच जाईन. भांडून जायची न्हाई.

तुझी,
काकू

●

नागोया, २२ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

हे पत्र साहेबराव काकांना न दाखवता वाचा.

माझं वाक्य तुम्ही अर्धं वाचलंत. वय, व्याख्या आणि वर्ष एक केलं तर तुलना करता येते, हे पुढचंच वाक्य होतं. मला हे तुम्हीच शिकवलंय, तक्त्याखालची तळटीप आधी वाच म्हणून. आणि तुम्हीच तळटीप झाकून तक्ता दाखवलात, तोही काकूंना. माझं नाव सांगून. मला खूप राग आला आहे. मी इथे तुम्हाला नोकरीसाठी धीर देत बसले आणि काकूंनी अडवलं तर सांगा म्हणाले. काय वाटलं असेल त्यांना?

तुम्हाला आकडे हवेतच ना? जपानमध्ये तो खड्डा भरायला पन्नास वर्षं लागली. आपल्याकडे शिकलेल्या बाया शहरात घरी बसल्या आहेत, त्यांना काम नकोय म्हणून नाही. विचारलं की बऱ्याच जणी म्हणतात, घराजवळ असेल आणि घरचे हो म्हणाले तर करू. हे 'घरचे' म्हणजे कोण, ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. तुमच्या घरात ते तुम्ही आहात.

चार देश आणि पन्नास वर्षं मध्ये आणलीत म्हणजे खरं कारण वेगळं आहे. ते मला सांगू नका. काकूंना सांगा.

मधू

●

जालना, ३० मार्च २०२५, गुढीपाडवा

चि. मधूस,

पाडव्याचे आशीर्वाद. महिनाभर तुला उत्तर दिलं न्हाई. आधी रागावलो होतो, मंग लाजलो होतो, आणि त्यानंतर स्वयंपाक शिकत होतो.

रमा होळीनंतर मंठ्याला गेली. तुझं पत्र चार दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मंग एका संध्याकाळी तिला म्हटलं, मला भीती वाटते. ती म्हणाली, कशाची? मी म्हटलं, तू नसलीस तर जगात काय चाललंय हे मला कोण सांगणार? तू सांगतेस म्हणून मला कळतं की दारात कोण आलं, लोक कशाला हसले, माझ्याबद्दल काय बोलले.  मंग मोठ्याने म्हणाली, एवढंच होतं तर ते जपान कशाला काढलं?  मी म्हटलं, जा. मनापासून म्हटलं, तिनेही दोनदा विचारून खात्री केली.

आता तुला जे सांगतो ते तिला सांगायचं न्हाई. मागच्या बुधवारी वरणासाठी कुकर लावला आणि पेपर वाचत बसलो. शिट्ट्या किती झाल्या देव जाणे. पाणी आटलं, डाळ जळाली, रबर जळालं. मी ओट्याकडे पाठ करून बसलेलो. साहेबराव बाहेरून दार वाजवून राह्यला, बेल दाबून राह्यला, मला पत्ता न्हाई. शेवटी मागच्या भिंतीवरून उतरून खिडकीतून आत आला आणि त्याने गॅस बंद केला. मला धूर दिसला तो त्याच्यानंतर. तो खांद्याला धरून जोरात काहीतरी बोलत होता. ओठांवरून एवढंच कळलं की शिव्या देऊन राह्यला.

मला काही झालं न्हाई. भिंत काळी झाली, ती मी घासली. कुकर गेला. पण त्या दुपारी घाबरलो, ते खोटं कशाला बोलू. मला मरायची भीती नव्हती वाटली. ही गोष्ट तिला कळली तर ती परत येईल, याची वाटली. गेल्या शनिवारी ती आली ती पोरींच्या गोष्टी घेऊनच आली. जेवताना हातवारे करून सांगत होती. स्वयंपाकाच्या तुळजाबाईशी तिचं मिठावरून भांडण झालं आणि मंग गट्टी झाली. रमाला इतकं बोलताना मी लई वर्षांत पाहिलं नव्हतं. तेव्हा तू तोंड बंद ठेव.

तुझा,
काका

●

जालना, १३ एप्रिल २०२५

चि. सौ. मधुवंती,

तुला माहीत होतं, आणि तू मला सांगितलं न्हाईस.

द्वारकाबाई मोंढ्यात भेटली. ती म्हणाली, वहिनी, नवा कुकर बरा आहे ना? मी म्हटलं, कुठला नवा कुकर? शनिवारी घरी आले की हे मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नव्हते, आता मीच करतो म्हणायचे. मंग सगळं बाहेर आलं. बाजार अर्धाच टाकून निघाले. घरी येऊन यांना विचारलं तर आधी डाळ जरा लागली म्हणाले. मी स्वयंपाकघराची भिंत दाखवली. घासली म्हणे, मधूला लिहिलंय म्हणे. मधू, चुन्यावरचा काळा डाग असा घासून जातो होय?

मी सेक्रेटरींना फोन करून सांगितलं की मला जमणार न्हाई. ते चांगले आहेत, म्हणाले सोमवारपर्यंत विचार करा. विचार काय करायचा? माझं सामान म्हणजे एक बॅग, ती मी सोबतच आणली.

मला किती आवडलं होतं ते काम, तुला सांगते. पहाटे पोरी अभ्यासाला उठतात, मी त्यांच्यात बसून पेपर वाचते. एकीला आईची आठवण आली की ती माझ्या खोलीत येऊन नुसती बसते. तुळजाबाई म्हणते, मॅडम, तुमी लई हळू बोलता, कान देऊन ऐकावं लागतं.  इथे मला गल्लीतले सगळे ओळखतात ते माझ्या ओरडण्यावरून. घसा दुखतो म्हणून मी कित्येक वर्षं हळद-दूध घेते, तिथे एकदाही घेतलं न्हाई.

पण माणूस जळून मेला असता तर ते काम मला काय करायचं होतं? यांना मी फक्त म्हटलं, आता मी घरीच आहे. ते उठून बाहेर गेले.

तू यांच्या बाजूने काही लिहू नकोस.

काकू

●

जालना, १४ एप्रिल २०२५

चि. मधूस,

काकूचं कालचं पत्र तुला पोचलं असेल. आज सकाळी काय झालं ते लिहितो.

काल ती म्हणाली, आता मी घरीच आहे. तिचा चेहरा मी पाहिला. चाळीस वर्षांत ओठ वाचून वाचून मला तो चेहरा पाठ आहे, आणि असा तो मी कधी पाहिला नव्हता. मी साहेबरावाकडे गेलो. त्याला म्हटलं, विजेची शेगडी कुठे मिळते, आपोआप बंद होणारी? तो मला गाडीवर घेऊन गेला आणि आम्ही घेऊन आलो. दाराला बेलसोबत लागणारा दिवाही बसवला. साहेबराव म्हणाला, वहिनी न्हाई तोवर सकाळ-संध्याकाळ मी येऊन तुमचं तोंड बघून जाईन. त्याने हे मला पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, आणि खाली लिहिलं की याचा खर्च लागणार न्हाई.

हे सगळं रमाला दाखवलं. तिने पाहिलं आणि मान फिरवली. म्हणाली, यंत्रावर माझा विश्वास न्हाई. मंग मी म्हटलं ते तुला जसंच्या तसं लिहितो. म्हटलं, "रमा, तू इथे बसलीस तर मी जगेन, हे खरं आहे. पण तू माझ्याकडे बघत बसशील, आणि मी तुझ्याकडे बघत बसेन, आणि दोघांनाही माहीत असेल की तू कशासाठी बसली आहेस. मला ते नको. मला राखण नको, बायको पाहिजे. ती शनिवारी आली तरी चालेल."

ती रडली. मीही. सकाळी तिची बॅग मीच उचलली. स्टँडवर मंठ्याच्या गाडीला ही गर्दी. खिडकीजवळची जागा मिळाली तिला. गाडी सुटायला आली तेव्हा ती खिडकीतून वाकून काहीतरी म्हणाली. ओरडली न्हाई. तोंडासमोर पदर होता, त्यामुळे ओठही दिसले न्हाईत. बरंच काही म्हणाली, एवढं कळलं. पुन्हा सांग म्हटलं असतं तर तिला ओरडावं लागलं असतं. मी ऐकू आल्यासारखी मान हलवली आणि गाडी गेली.

घरी येऊन तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तू तिला फोन कर आणि काय म्हणाली ते विचारून मला कळव. मी विचारलं हे सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
काका

●

मंठा, १८ एप्रिल २०२५

तुम्हाला,

काय म्हणून सुरुवात करायची हेच कळेना, कागद दोनदा फाडला. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलंच न्हाई. लग्न ठरल्यावर लिहायचं होतं, पण घरात सगळे वाचतील म्हणून राहून गेलं. मंग तर एकाच घरात होतो.

मधूचा फोन आला. तिने विचारलं, काकू, स्टँडवर काय म्हणालात? मी तिला सांगितलं न्हाई. आमच्या दोघांतलं बोलणं जपानला फिरून कशाला यायचं? म्हणून हा कागद. तुळजाबाईचा भाचा राधेश्याम रोज जालन्याला जातो, तो आणून देईल. साहेबरावाला दाखवू नका.

पोरी परीक्षेत आहेत. काल एकीचा पेपर अवघड गेला, तिला समजावत बसले. तुमच्या नव्या शेगडीवर वरण कसं होतं ते लिहा. खोटं लिहू नका, मी शनिवारी भिंत बघणार आहे.

तर स्टँडवर मी म्हणाले, मला मंठ्यात लई बरं वाटतं. सकाळी उठले की आज काय काय करायचं ते आठवतं आणि पाय आपोआप चालतात. आणि तुमच्याशिवाय मला बिलकुल करमत न्हाई. जेवायला बसले की समोर तुम्ही नसता आणि घास तसाच हातात राहतो. हे दोन्ही खरं आहे. यातलं एक घे आणि एक सोड, असं मला कधी म्हणू नका.

आता हे काय बाईमाणसाने भर स्टँडवर ओरडून सांगायचं? म्हणून हळू बोलले. वाचून झालं असेल तर आता खरी मान हलवा.

रमा